मोहफुलांची साखर : अन्न कीं औषध ?

यंदाच्या मोसमांत कुडवा व आसपासच्या गांवांतील सभासदांकडून आम्हांस एकाच आशयाचा प्रश्न वारंवार विचारण्यांत आला. गोंदिया शहराच्या कुशींतील ह्या गांवाभोवतीं घरें दिवसेंदिवस वाढत असलीं, तरी ज्यांच्या धुऱ्यावर वाडवडिलांच्या वेळचा मोह उभा आहे असे शेतकरी अजून आहेत. आणि ऐन फाल्गुन-चैत्रांत, बांधी मोकळी पडलेली असतां, हें झाड न मागतां कांहीं तरी देऊन जातें. आजवर हीं फुलें सुकवून बाजारांत विकलीं जात, व पुढें त्यांचें काय होतें हें सर्वांस ठाऊक असे. आतां मात्र दुसरें गिऱ्हाईक येऊं लागलें आहे. मोहफुलांचा घट्ट पाक काढून तो ‘नैसर्गिक साखर’ म्हणून बाटलींत भरावयाचा, आणि बाटलीवर ‘मधुमेह असणाऱ्यांस चालेल’, ‘रक्त वाढवितो’, ‘शक्ति देतो’ अशीं वचनें छापावयाचीं, असा हा नवा व्यवहार आहे. सभासद विचारतात, हें खरें काय? आणि आम्हीं हा धंदा हातीं घ्यावा काय?

दुसऱ्या प्रश्नास आमचें उत्तर होय असें आहे. पहिल्यास मात्र नाहीं. ह्या दोन उत्तरांत विसंगति नाहीं, हें पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम एक हकीकत सांगतों. आमच्या परिचयांतील एका शेतकरी कुटुंबांत वृद्ध मातोश्रींस दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पथ्य व गोळ्या ह्यांवर त्यांची प्रकृति ठीक चालली होती. एका प्रदर्शनांतून मुलानें मोहाच्या पाकाची बाटली आणली. विकणाऱ्यानें सांगितलें कीं, ही झाडाची साखर आहे, कारखान्याची नव्हे. हिनें मधुमेह वाढत नाहीं, उलट उतरतो. आपल्याच मोहाची वस्तु, म्हणून मातोश्रींचा विश्वास लवकर बसला. सकाळीं दोन मोठे चमचे, संध्याकाळीं दोन, असा क्रम सुरू झाला. आणि पंधरवड्यानें त्यांनीं गोळ्या आपण होऊन बंद केल्या. दीड-दोन महिन्यांत तहान आवरेनाशी झाली, रात्रीं चार-चार वेळां उठावें लागे, आणि पायाच्या अंगठ्यास लागलेली साधी ठेंच कांहीं केल्या भरून येईना. दवाखान्यांत नेलें तेव्हां उपाशीपोटींची रक्तांतील साखर तीनशेंच्या वर गेलेली होती. अंगठा वांचला. परंतु तीन आठवडे खाटेवर गेले, आणि ऐन रोवणीच्या दिवसांत घरांतील दोन माणसें त्यांच्या उशाशीं अडकून पडलीं. मुलगा आम्हांस म्हणाला, “भाऊ, मीं आईला विष तर नाहीं ना दिलें, आपल्याच झाडाचें फूल दिलें.” त्याच्या ह्या बोलण्यास उत्तर द्यावें, हाहि प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे.

मोह हें झाड चिकू व खिरणी ह्यांच्या कुळांतलें. संस्कृत ग्रंथांत त्यास मधूक म्हटलें आहे, आणि वनस्पतिशास्त्रांतील त्याचें मधुका हें नांव त्यावरूनच घेतलेलें आहे. पानगळ झाल्यावर फांद्यांच्या टोंकांस कळ्यांचे झुबके येतात, रात्रीं फूल उमलतें व पहांटे गळूं लागतें. आपण ज्यास मोहफूल म्हणतों तें वस्तुतः सबंध फूल नव्हे. पाकळ्या एकमेकींस चिकटून झालेला, रसानें फुगलेला तो मांसल गोळा असतो. फुलाचा बाहेरचा तपकिरी, लवदार कोश व आंतील स्त्रीकेसर हीं झाडावरच राहतात, आणि त्यांचेंच पुढें फळ होतें. म्हणून खालीं पडलेलें फूल वेचल्यानें टोरीचें, म्हणजे बियांचें, उत्पन्न बुडत नाहीं. एकाच झाडाचीं हीं दोन पिकें आहेत : उन्हाळ्यांत गोडी, आणि पावसाळ्याच्या तोंडीं तेल. रात्रीं ह्या गोडीच्या ओढीनें वटवाघुळें झाडावर येतात. त्यांचा गलबला ज्यांनीं मोहाखालीं जागल करून ऐकला असेल, त्यांस ह्या फुलांत साखर किती आहे हें रसायनशास्त्रज्ञानें सांगावयास नको.

तरीहि रसायनशास्त्र काय सांगतें तें पाहूं. ताज्या फुलांत सुमारें तीन-चतुर्थांश पाणी असतें. तें उडालें म्हणजे जें राहतें, त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. कांहीं पृथक्करणांत हें प्रमाण शेंकडा ७० पर्यंत आढळलें आहे. झाडागणिक, जमिनीगणिक व सुकविण्याच्या रीतीगणिक त्यांत फरक पडतो. बाकीच्या भागांत चोथा, थोडीं नत्रयुक्त द्रव्यें, क्षार, व ताज्या फुलांत कांहीं जीवनसत्त्वें असतात.

आतां साखर म्हणजे कोणती साखर, हा कळीचा मुद्दा आहे. आपण चहांत घालतों ती ऊंसाची साखर, हिला इक्षुशर्करा म्हणूं. ही दोन लहान शर्करांची बांधलेली जोडी आहे : एक द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, आणि दुसरी फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज. बैलजोडी जुंवास जुंपलेली असावी तशा त्या एकत्र असतात. पोटांत गेल्यावर आंतड्यांतील पाचकद्रव्य हें जूं सोडतें व दोन्ही शर्करा वेगवेगळ्या होऊन रक्तांत जातात. मोहफुलांत हें जूं बहुतांशीं झाडानेंच आधीं सोडून ठेविलेलें असतें, म्हणजे तेथें द्राक्षशर्करा व फलशर्करा मुख्यत्वें सुट्या स्थितींत असतात, आणि इक्षुशर्करेचा अंश थोडा. मधांतहि हाच प्रकार. ऊंसाची साखर व मोहाची साखर ह्यांत रसायनदृष्ट्या मुख्य भेद आहे तो एवढाच. बैल तेच, जूं तेवढें सुटलेलें.

ह्या एका भेदावरून मोहफुलांचे पुष्कळ गुणधर्म उलगडतात. अशा मिश्र शर्करेचे खडे सहजासहजीं बनत नाहींत. म्हणून मोहाची दाणेदार साखर होत नाहीं, पाकच होतो. फलशर्करा हवेंतील ओल ओढून घेते. म्हणून चैत्रांत कडकडीत वाळविलेलीं फुलें आषाढांत चिकट होतात व त्यांचा गोळा बनतो. आणि सुटी शर्करा किण्वास तत्काल खाद्य होते, म्हणून हा रस आंबावयास वेळ लागत नाहीं. ह्या शेवटच्या गोष्टीचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला. पहिल्या वर्षीं आम्हीं चार किलो सुकीं फुलें भिजवून रस काढला, तो घाईघाईनें अर्धवट आटविला, आणि तीन बाटल्या भरून फडताळांत ठेवून दिल्या. चौथ्या दिवशीं मध्यरात्रीं एका बाटलीचें बूच उडून आढ्यास लागलें. घरच्या मंडळींनीं त्या पाकास जें नांव ठेविलें तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. परंतु रसांत पाणी राहिलें तर त्याचें काय होतें, हें आम्हांस त्या रात्रीं पुरतें समजलें.

मोहाची साखर ही कोणी नुकतीच शोधून काढलेली चीज आहे, असा कित्येकांचा समज करून देण्यांत येतो. तो चुकीचा आहे. इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत मध्यप्रांतांतील रानालगतच्या हजारों माणसांस ह्या फुलांनीं आधार दिला. भाजून तिळाबरोबर कुटलेलीं फुलें, मोहाची भाकर, मोहफुलांचे लाडू हे पदार्थ आजहि आमच्या भागांत केले जातात, आणि कामाच्या बैलांस मूठभर फुलें घालण्याची चालहि जुनीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत दारूगोळ्यास लागणारें ॲसिटोन मोहफुलांपासून काढण्यासाठीं नाशिक येथें कारखाना उभारण्यांत आला होता. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील गिल्बर्ट फाउलर व त्यांचे सहकारी ह्यांनीं मोहफुलांच्या जीवरसायनाचा अभ्यास करून त्यावरील विस्तृत निबंध इ. स. १९२० मध्यें प्रसिद्ध केला. शंभर वर्षांपूर्वीं ज्या फुलाचें इतकें बारकाईनें पृथक्करण झालें, त्यास आज कोणी ‘गूढ वनसंपदा’ म्हणून विकूं लागल्यास हंसूं येतें.

कायद्याचा इतिहासहि थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण जुन्या भीतीनें पुष्कळ शेतकरी अजून फुलें घरांत ठेवावयास कचरतात. मुंबई इलाख्यांत इ. स. १८९२ च्या मोहरा कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवर निर्बंध आले. दारू चोरून गाळली जाऊं नये व अबकारीचें उत्पन्न बुडूं नये, हा त्यांतील हेतु होता. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदीच्या काळांतहि फुलें गोळा करणें, बाळगणें व नेणें ह्यांवर बंधनें राहिलीं. महाराष्ट्र शासनानें तीं इ. स. २०२१ मध्यें उठविलीं. फुलें वेचावीं, सुकवावीं, सांठवावीं, विकावीं, ह्यास आतां अडचण उरलेली नाहीं. परवान्यावांचून दारू गाळणें हा मात्र आजहि गुन्हाच आहे.

आतां दाव्यांकडे वळूं. सर्वांत मोठा दावा मधुमेहाचा, आणि तोच सर्वांत घातक. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणींत आपल्या देशांत सुमारें १० कोटी लोकांस मधुमेह असल्याचें दिसून आलें. तेव्हां ‘मधुमेह्यांस चालणारी साखर’ असें म्हणणारापुढें बाजारपेठ केवढी मोठी आहे, हें निराळें सांगावयास नको.

ह्या दाव्याचा आधार म्हणून फलशर्करेकडे बोट दाखविण्यांत येतें. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तांतील साखर किती झपाट्यानें चढते, हें मोजण्याचें एक परिमाण आहे. त्यांत शुद्ध द्राक्षशर्करेस १०० मानतात. त्या मानानें ऊंसाच्या साखरेचा अंक सुमारें ६५ येतो, आणि एकट्या फलशर्करेचा २५ च्याहि खालीं. जाहिरातदार हा शेवटचा अंक उचलतात व तो सबंध पाकास लावतात. परंतु पाकांत फलशर्करा एकटी नसते; तिच्याबरोबर द्राक्षशर्करा भरपूर असते, आणि ती रक्तांत शिरावयास क्षणभरहि थांबत नाहीं. जुंवांतला एक बैल संथ आहे म्हणून दुसरा पळणार नाहीं, असें थोडेंच आहे?

शिवाय फलशर्करेचा अंक कमी कां, हेंहि पाहिलें पाहिजे. ती रक्तांत फारशी दिसत नाहीं, कारण यकृत तिला वाटेंतच अडवून आपल्यांत घेतें. थोडी असली तर यकृत ती सहज वापरतें. नित्य व पुष्कळ प्रमाणांत येऊं लागली, तर तिची चरबी बनवून कांहीं स्वतःत सांठवितें व कांहीं रक्तांत सोडतें. मधुमेहाच्या रोग्याचें यकृत बहुधा आधींच ह्या भारानें वांकलेलें असतें. एके काळीं डॉक्टर मंडळी मधुमेह्यांस गोडीसाठीं फलशर्करेची शिफारस करीत असत. पुढें हे परिणाम ध्यानांत आल्यावर ती शिफारस मागें घेण्यांत आली.

त्या मातोश्रींच्या चार चमच्यांचा हिशेब आम्हीं करून पाहिला. मोठ्या चमच्यांत घट्ट पाक सुमारें २० ग्रॅम मावतो. त्यांत पाणी व इतर द्रव्यें वजा जातां साखर १३ ग्रॅमच्या आसपास धरावी. चार चमच्यांत ती ५२ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०१५ मध्यें जी मर्यादा सांगितली आहे, तींत वरून घातलेली साखर, तसेंच मध, पाक व फळांचे रस ह्यांतील साखर, ही सर्व मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या एक-दशांशाच्या आंत असावी, म्हणजे सामान्य निरोगी माणसास सुमारें ५० ग्रॅमपर्यंत. आणि याच्या निम्म्यावर राहिल्यास अधिक हित. म्हणजे सशक्त माणसाच्या सबंध दिवसाच्या वांट्याहून जास्त साखर ह्या रोगी बाईंनीं औषध म्हणून घेतली, आणि खऱ्या औषधाचा डबा वर ठेवून दिला. फुलांत विष नव्हतें. विष बाटलीवरील वाक्यांत होतें.

कोणी म्हणेल, आयुर्वेदांत तर मधूकपुष्पाची स्तुति आहे. आहेच. तेथें तें मधुर, शीत, गुरु व बृंहण म्हटलें आहे. म्हणजे गोड, थंड, पचावयास जड, आणि अंग भरणारें. कृश, थकलेल्या, रोगांतून उठलेल्या माणसास असा पदार्थ हितकर, हें उघड आहे. परंतु प्रमेहाच्या कारणांची जी यादी चरकानें दिली आहे, तींत गुळाचे पदार्थ व कफ वाढविणारा आहार ह्यांचा समावेश आहे. तेव्हां ज्या शास्त्राचें नांव घेऊन हा पाक मधुमेह्यांस विकला जातो, त्या शास्त्राच्या मूळ ग्रंथांतच अशा आहारापासून दूर राहण्यास सांगितलें आहे. ग्रंथाचें नांव घेणारांनीं ग्रंथ उघडूनहि पाहावा, एवढेंच आमचें म्हणणें.

आणखी एक घोटाळा वारंवार दृष्टीस पडतो. मोहाच्या सालीच्या अर्कानें मधुमेह झालेल्या उंदरांची रक्तांतील साखर उतरल्याचे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत. ते सालीचे आहेत, फुलांचे नव्हेत. आणि उंदरांवरील आहेत, माणसांवरील नव्हेत. साल तुरट, फूल गोड. एकाच झाडाचे हे दोन भाग एकमेकांच्या नांवावर खपवितां येत नाहींत. कडुनिंबाचें पान कडू म्हणून त्याची पिकलेली निंबोळी कडू ठरत नाहीं, हें लहान पोरहि जाणतें. आणि ह्यावरून कोणी मोहाची साल तासावयास धांवूं नये. साल गेली कीं झाड गेलें.

दुसरा दावा रक्त वाढविण्याचा. मोहाच्या लाडवानें अंगांत रक्त भरतें, असें आमच्याकडे बायाबापड्या मानतात, आणि ज्या घरीं पोटभर अन्नच नाहीं तेथें लाडवानें शक्ति येते हें खोटें नाहीं. लाडवांत तीळ, डाळे किंवा शेंगदाणे असतील, तर त्यांचेंहि श्रेय त्यांस दिलें पाहिजे. परंतु गोंदिया, भंडारा, गडचिरोली ह्या भागांत एक विशेष गोष्ट विसरून चालत नाहीं : येथें सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ आढळतो. त्यांत रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होऊन लवकर फुटतात, आणि रक्तक्षय होतो तो त्यामुळें. हा क्षय अन्नांतील लोहाच्या उणिवेचा नव्हे; म्हणून कोणत्याहि लाडवानें वा पाकानें तो भरून निघत नाहीं. फिकट पडलेल्या, सांधे दुखतात म्हणून रडणाऱ्या मुलास पाक चाटवीत बसण्यापेक्षां त्याची रक्ततपासणी आधीं करून घ्यावी. इ. स. २०२३ पासून ह्या विकाराच्या निर्मूलनासाठीं राष्ट्रीय मोहीम चालू असून सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते.

येथें वाचकांच्या मनांत एक शंका येईल : जगांत अशी कोणतीच शर्करा नाहीं काय, जी गोड लागते पण अंगीं लागत नाहीं? आहे. फलशर्करेचीच एक सख्खी बहीण आहे. तिला सायकोज किंवा ॲल्युलोज म्हणतात. अंजीर, मनुका ह्यांत ती अत्यल्प असते. जपानांतील कागावा विद्यापीठाचे प्राध्यापक केन इझुमोरी ह्यांनीं फलशर्करेपासून ही शर्करा किण्वद्रव्याच्या साहाय्यानें बनविण्याची वाट दाखविली. ती ऊंसाच्या साखरेच्या सुमारें सत्तर टक्के गोड असून शरीर तिचा उपयोग जवळजवळ करीतच नाहीं. बहुतेक भाग लघवीवाटे निघून जातो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें इ. स. २०१९ मध्यें लेबलावरील साखरेच्या अंकांतून ती वगळावयास मोकळीक दिली. परंतु ती मोठ्या यंत्रशाळेंतील वस्तु होय. आपल्या मोहफुलांची गोडी ती नव्हे; ही सरळ, जुनी, अंगीं लागणारी साखर आहे, आणि बांधींत दिवसभर राबणाऱ्या माणसास ती अंगीं लागावी म्हणूनच तर आपले वडील ती खात.

कारखान्याच्या पांढऱ्या साखरेपेक्षां ह्या पाकांत कांहींच अधिक नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. पांढऱ्या साखरेंत साखरेवांचून कांहीं नसतें. मोहाच्या पाकांत क्षार, थोडीं रंगद्रव्यें व तुरट द्रव्यें असतात, आणि एक विशिष्ट वास व चव असते. ती कित्येकांस आवडते, कित्येकांस मुळींच नाहीं. सबंध सुकें फूल खाल्लें तर चोथाहि मिळतो, आणि चोथ्यामुळें साखर सावकाश अंगांत जाते. म्हणून पाकापेक्षां फूल बरें, असें आमचें मत आहे. परंतु क्षारांसाठीं साखर खाणें हा महागाचा सौदा होय. तितके क्षार शेवग्याच्या मूठभर पाल्यांत साखरेवांचून मिळतात.

मग हा धंदा कां करावा? कारण हें एक उत्तम, चवदार, आपल्या भूमीचें अन्न आहे, आणि अन्न म्हणून त्यास आज कधीं नव्हता असा भाव येऊं शकतो. इ. स. २०२१ मध्यें शेजारच्या छत्तीसगडांतून सुकविलेलीं मोहफुलें समुद्रमार्गें फ्रान्सला रवाना झालीं. केंद्र सरकारनें इ. स. २०२० मध्यें सुक्या फुलांची आधारभूत किंमत किलोस ३० रुपये ठरविली; परंतु ती साध्या, जमिनीवरून वेचलेल्या फुलांची. खाण्याजोग्या स्वच्छ फुलांस व्यापारी ह्याहून पुष्कळ अधिक देतात. हा फरक कोणत्याहि वचनाचा नसून धुळीचा आहे, हें सभासदांनीं नीट ध्यानांत घ्यावें.

आमच्याकडील चाल अशी कीं, फुलें पडूं लागण्यापूर्वीं झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यावयाचा, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळीं फुलें चटकन् दिसतात. त्यांत राख, माती व खडे फुलांस चिकटतात, तीं रसाळ असल्यामुळें पुन्हां सुटत नाहींत. आणि त्या जाळांत मोहाचीं नवीं रोपें दरसाल जळून जातात. रानालगत असल्यास वणवा लागतो तो निराळाच. त्याऐवजीं झाडाखालीं चार-सहा खुंटांवर कमरेइतक्या उंचीवर हिरवी जाळी बांधावी, मध्यें थोडा झोळ ठेवावा. जाळी नसल्यास जुनीं लुगडीं जोडून शिवलीं तरी चालतात. फुलें आपोआप झोळांत गोळा होतात, मातीस शिवत नाहींत, आणि वेचणाऱ्या बायांस पहांटेपासून कमरेंत वांकून बसावें लागत नाहीं. वांट्यानें वेचणी करून घेण्याची आपली पद्धत आहे. जाळीनें श्रम वांचले म्हणून त्यांचा वांटा कमी करणें हें मात्र आम्हांस पसंत नाहीं. चांगल्या भावांतील अधिक पैसा त्यांसहि मिळाला, तरच फूल निवडतांना कोणी काळजी घेईल.

सकाळीं गोळा केलेलीं फुलें त्याच दिवशीं पसरावीं. ढीग करून दुपारपर्यंत ठेविलीं तर तीं तेथेंच आंबावयास लागतात. आंतील पुंकेसर काढून टाकावे, त्यांनीं घशास खवखव होते. जमिनीपासून उंच तट्ट्यावर, वरून पातळ कापड घालून, फुलें कडक उन्हांत तीन-चार दिवस वाळवावीं. मुठींत दाबून सोडलीं असतां गोळा न होतां सुटीं पडावींत, ही वाळल्याची खूण. मग हवाबंद डब्यांत भरावीं. गोणींत ठेविलेलीं फुलें मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ओल धरतात.

पाक करावयाचा असल्यास धुतलेलीं सुकीं फुलें दुप्पट-तिप्पट कोमट पाण्यांत दोन-तीन तास भिजवावीं, पिळून दोन वेळां गाळावीं, आणि रस लगेच चुलीवर चढवावा. रात्रभर भिजत ठेवण्याची चूक करूं नये. आंच मंद असावी; भांडें उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यांत ठेविलें तर उत्तम, कारण फलशर्करा जोराच्या आंचेनें लवकर काळवंडते व पाक कडवट होतो. पाक मधाइतका घट्ट झाला, म्हणजे त्यांत साखरेचा अंश शेंकडा ६५ ते ७० झाला, कीं किण्वास त्यांत जगतां येत नाहीं. आमच्या उडालेल्या बुचाचें कारण हेंच कीं आम्ही ह्याच्या पुष्कळ आधीं थांबलों होतों.

विक्रीसाठीं अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते. बाटलीवर काय छापावें ह्याविषयीं इ. स. २०१८ चे अन्नविषयक दाव्यांचे नियम स्पष्ट आहेत : १०० ग्रॅम पदार्थांत अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर असेल, तर त्यास ‘शुगर फ्री’ म्हणतां येत नाहीं. आपल्या पाकांत ती ६० ग्रॅमहून अधिक असते. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणारास तर इ. स. १९५४ च्या जादुई उपायांच्या जाहिरातींविषयींच्या कायद्याचीहि भीति आहे. त्यांतील रोगांच्या यादींत मधुमेहाचें नांव आहे. बाहेरचा व्यापारी वचनें छापून निघून जाईल. बाटलीवर पत्ता मात्र शेतकऱ्याचा राहील, आणि अधिकारी यावयाचे ते त्या पत्त्यावर.

ज्या कुटुंबाची हकीकत वर सांगितली, त्यांनीं गेल्या चैत्रांत आपल्या दोन झाडांखालीं जाळी बांधली. त्यांच्या बाटलीवर इतकेंच छापलें आहे : मोहफुलांचा पाक, ह्यांत साखर आहे, मधुमेह असणाऱ्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून घेऊं नये. हें शेवटचें वाक्य मातोश्रींनीं आग्रहानें घालावयास लाविलें, आणि मुलाच्या मतें त्यामुळें कांहीं बाटल्या कमी खपल्या. झाडें मात्र आतां थकत आलीं आहेत. मोहाची टोरी फळांतून काढल्यावर थोड्याच आठवड्यांत उगवण्याची शक्ति गमावते, म्हणून ती त्याच पावसांत पेरावी लागते, आणि लावल्यापासून फूल यावयास दहा वर्षें तरी जातात. ज्या सभासदांस रोपांसाठीं ताजी टोरी हवी असेल, त्यांनीं ज्येष्ठ संपण्यापूर्वीं मंडळाच्या कचेरींत नांवें नोंदवावीं.